लेक वीगन झाली, दारात दोन म्हशी

लातूर जिल्ह्यातल्या एका आईचं पत्र आलं आहे. मुलगी पुण्यात शिकते. दिवाळीत घरी आली ती दूध, दही, तूप, मध, सगळं सोडूनच. घरी दोन म्हशी आहेत आणि डेअरीला दूध घालूनच तिच्या शिक्षणाचा खर्च निघाला. सासूबाईंना ही गोष्ट फार लागली आहे. "ज्या दुधावर वाढली तेच आता नको झालं," असं त्या उठता-बसता म्हणतात. मुलगी आता येळवशीला, म्हणजे वेळ अमावास्येच्या शेतातल्या सणाला, मैत्रिणींना घेऊन येणार आहे आणि दुसऱ्या दिवशी तिचा वाढदिवस आहे. केक हवाय, पण त्यात अंडं, दूध, लोणी नको. घरात ओव्हन नाही, आणि बदामाचं दूध परवडणारं नाही. दिवाळीत या आईनं भाजीला गुपचूप तुपाची फोडणी दिली होती, मुलीला ते कळलं नाही. त्यांचे प्रश्न असे: हे खूळ समजून सोडून द्यायचं का? की घरात दोन चुली मांडायच्या? पोरीची तब्येत राहील का? आणि वाढदिवसाला येणाऱ्यांना केकबद्दल सांगायचं की नाही?

ताई,

आधी त्या तुपाच्या फोडणीबद्दल बोलू. तुम्ही ते एका ओळीत उरकलंत, पण सगळ्या पत्रात मला तीच ओळ टोचली. तुमच्या मनात काय होतं ते कळतं. पोर हॉस्टेलवर काय खाते कोण जाणे, इथं तरी दोन घास कसदार पोटात जावेत. पण आईच्या हातचं न विचारता खावं, हा भरवसा तिच्या मनातून एकदा गेला, तर पुढं प्रत्येक वाटीला ती विचारेल, "यात काय आहे?" आणि तुम्ही खरं सांगितलं तरी तिला ते खरं वाटणार नाही. असं पुन्हा करू नका. ती यायच्या आधी फोनवर तिला सांगूनही टाका. चिडेल, दोन दिवस फोन उचलणार नाही कदाचित. चालेल. घरभर पाहुणे असताना दुसऱ्या कुणाच्या तोंडून कळण्यापेक्षा ते बरं.

आता खूळ आहे का, हा प्रश्न. सहा महिन्यांत उतरेल की जन्मभर टिकेल, हे आज तिलाही सांगता येणार नाही, आणि तुम्हाला ते ठरवायची गरजही नाही. कॉलेजच्या वयाची मुलगी काय खाणार हे तीच ठरवणार. घरी आली की ती पोटभर आणि मोकळ्या मनानं जेवते का, एवढंच तुमच्या हातात आहे.

दोन चुलींची भीती मात्र मला मुळातूनच तपासून बघावीशी वाटते. गेल्या आठवड्यात घरात काय काय शिजलं ते आठवा. ज्वारीची भाकरी, पिठलं, अंबाडीची भाजी, शेंगदाण्याचा ठेचा, कारळाची नाही तर जवसाची चटणी, वरणफळं, शेंगुळे, सकाळच्या न्याहारीला सुशीला, कुणी आलं-गेलं तर येसराची आमटी. यातल्या कशात दूध आहे? तूप येतं ते वाढताना, वरून. तूप वाढणाऱ्याच्या हातात ठेवा, पातेल्यात घालू नका, फोडणी करडईच्या किंवा शेंगदाण्याच्या तेलाची द्या, की तुमची एकच चूल दोघींना पुरते. पुरणपोळीचंही तेच. कणीक तेलात मळा, पोळी तेलावर भाजा. तिच्या पोळीसोबत दूध-तुपाऐवजी वेलची-सुंठ घातलेली गुळवणी आणि कटाची आमटी. गुळवणी तर आपल्याकडं आधीपासून आहेच. दुधाच्या प्रत्येक पदार्थाची नक्कल करायला निघालात तर खर्चही वाढतो आणि वैतागही. वीगन पनीर, वीगन चीज, बदामाचं दूध, यातलं काहीही आणू नका. जे मुळातच बिनदुधाचं आहे तेच मन लावून करा, आणि जिथं अडतं तेवढ्यापुरतीच युक्ती शोधा. अडणाऱ्या जागा मोजक्याच आहेत: अंबील, चहा, खीर आणि केक.

त्याआधी सासूबाईंबद्दल. त्यांचं दुःख मला हट्टाचं वाटत नाही. पावसानं दगा दिला की पीक जातं, पण डेअरीचे पैसे आठवड्याला नाही तर पंधरवड्याला हातात येतात. त्या पैशावर घर उभं राहिलंय आणि त्या म्हशींची धार पहाटे त्यांनीच काढली आहे. नात म्हणते "दूध नको", त्यांना ऐकू येतं "तुझे कष्ट नको". हे दोन्ही वेगळं आहे, हे नातीनं आजीला स्वतःच्या तोंडानं सांगायला हवं. मधे तुम्ही दुभाषी होऊ नका. मुलीलाही एक गोष्ट स्पष्ट सांगा: या घरात जेवताना म्हशीच्या पारड्याचं काय होतं, यावर भाषण द्यायचं नाही. प्रश्न खरा आहे, तो तिला आजीशी निवांत बोलता येईल, गोठ्यात उभं राहूनसुद्धा. पण घास तोंडात असलेल्या माणसाला नाही. तसंच आजीनंही ताटावर टोमणा मारायचा नाही. पंगतीपुरता हा नियम दोघींनाही सारखाच.

आणि सासूबाईंना बदलायला सांगण्यापेक्षा त्यांना विचारा. त्यांना जे येतं ते तुम्हाला-मला येत नाही. अंबिलीचंच बघा. येळवशीला शेतात कडब्याची कोप, म्हणजे खोपटी, करतात, पूजा होते, भज्जी, उंडे, खीर, आणि मडक्यातली अंबील. ताकाशिवाय अंबील कशी, हा तुमच्याकडं नक्कीच पहिला आक्षेप असणार. पण आंबटपणा एकट्या ताकाचा नसतो. ज्वारीचं पीठ नुसत्या पाण्यात कालवून ठेवलं तरी ते आंबतं, कारण आंबवणारे जिवाणू धान्यावरही असतात. फक्त ताकात ही सुरुवात झालेली असते, पाण्यात ती नव्यानं व्हावी लागते, म्हणून वेळ जास्त द्यायचा. एक वाटी ज्वारीचं पीठ तीन वाट्या कोमट पाण्यात गुठळी न राहता कालवा, मडक्यात झाकून चुलीजवळच्या उबदार कोपऱ्यात ठेवा. मार्गशीर्षातली थंडी असते, म्हणून दोन रात्री धरा. वास आंबूस, ताज्या आंबोळीच्या पिठासारखा आला पाहिजे. कुबट वास आला किंवा वर रंगीत बुरशी दिसली तर टाकून द्या, वाचवत बसू नका. मग चार-पाच वाट्या पाण्याला मीठ घालून उकळी आणा, आंबलेलं पीठ ढवळत सोडा, दहा-बारा मिनिटं मंद शिजवा, गार होऊ द्या. गार झाल्यावर लसूण, आलं, हिरवी मिरची, जिरं वाटून घाला, वर भरपूर कोथिंबीर. आंबटपणा कमी पडला तर चिंचेचा कोळ. तुमच्याच जिल्ह्यातल्या पानचिंचोलीच्या चिंचेला भौगोलिक मानांकन मिळालंय, तेव्हा तो काही परका आंबटपणा नाही. सासूबाईंची ताकातली अंबील मोठ्या मडक्यात नेहमीसारखीच होऊ दे. ही छोट्या मडक्यात. आणि मीठ-आंबट बरोबर आहे का, ते त्यांनाच चाखून सांगू दे.

खिरीचं काम त्याहून सोपं. येळवशीची गव्हाची खीर गूळ, सुंठ, बडीशेप, खोबरं यांवरच उभी असते, दूध ज्याला हवं तो वरून घेतो. दाटपणा हवा असेल तर शेंगदाण्याचं दूध घाला: वाटीभर शेंगदाणे सहा तास भिजवून, साल चोळून काढून, चार वाट्या पाण्यात बारीक वाटून फडक्यातून गाळायचं आणि उकळायचं. बदामाच्या दुधाच्या एका डब्याच्या पैशांत हे घरभर पुरेल. आणखी एक गोष्ट सासूबाईंना जरूर विचारा: करडईचं दूध. उत्तर कर्नाटकात करडईचं बी भिजवून, वाटून, गाळून त्या दुधात गव्हाची खीर करतात, कुसुबी हुग्गी म्हणतात तिला. तुमचा जिल्हा बीदरला लागूनच आहे. त्यांच्या माहेरी ती होत असेल, तर बिनदुधाची खीर पुण्याहून आली असं घरात कुणाला म्हणता येणार नाही.

चहासाठी शेंगदाण्याचं दूध नको, वास वर येतो. सोयाबीनचं चालतं, आणि लातुरात सोयाबीनला तोटा नाही. पण इथं एक सावधगिरी फार महत्त्वाची आहे. पेरणीसाठी आणलेल्या पिशवीतलं बियाणं चुकूनही वापरू नका, त्याला बुरशीनाशक चोळलेलं असतं. स्वतःच्या शेतातलं, खाण्यासाठी वेगळं काढलेलं सोयाबीनच घ्या. शंभर ग्रॅम सोयाबीन आठ तास भिजवा, साल काढा, आणि वाटताना पाणी उकळतं घ्या. सोयाबीनचा तो कच्चा, हिरवट वास वाटताना तयार होतो, उकळत्या पाण्यानं तो पुष्कळ दबतो. मिक्सरचं झाकण मात्र थोडं उघडं ठेवून, कापडानं धरून चालवा, वाफेनं झाकण उडतं. पाऊण लिटर पाणी पुरे. गाळल्यावर पंधरा-वीस मिनिटं खळखळून उकळायचंच, कारण कच्च्या सोयाबीनमध्ये पचन अडवणारे घटक असतात आणि ते उष्णतेनंच निकामी होतात. ऊतू फार जातं, मोठं पातेलं घ्या. उरलेला चोथा धपाट्याच्या पिठात जातो. बोअरचं पाणी जड असेल तर भिजवायला आणि वाटायला पिण्याचं, फिल्टरचं पाणी वापरा, जसं डाळ शिजायला वापरता. चहात हे दूध फुटू नये म्हणून आधी ते गरम करा आणि त्यात चहा थोडा थोडा ओता. एवढं सगळं करायचं नसेल, तर गूळ-गवती चहा घातलेला कोरा चहा. माझं मत विचाराल तर तोच करा.

आता केक. सगळ्यात जास्त धास्ती तुम्ही याचीच घेतलीय आणि सगळ्यात कमी घ्यावी अशी गोष्ट हीच आहे. अंडं केकला फुगवतं आणि बांधून ठेवतं. साध्या घरगुती केकात फुगवण्याचं काम खायचा सोडा आणि आंबट रस मिळून करतात, बांधून ठेवायला मैद्याचा चिकटपणा पुरतो. लोण्याच्या जागी तेल घातलं तर केक उलट दोन दिवस मऊ राहतो, कारण तेल थंडीत थिजत नाही.

माप असं. दीड कप मैदा, एक कप साखर, तीन मोठे चमचे बिनसाखरेची कोको पावडर, एक सपाट छोटा चमचा खायचा सोडा, अर्धा छोटा चमचा मीठ, हे दोनदा चाळून घ्या. साखर जाड असेल तर आधी दळा. कप म्हणजे 240 मिलिलिटरचा, मोठा चमचा 15 चा आणि छोटा 5 चा. घरची वाटी लहान असते, तिनं मैदा मोजून सोडा मात्र चमच्यानं घातला की केक सोड्यानं उग्र लागतो. दुसऱ्या भांड्यात एक कप पाणी, पाच मोठे चमचे वास नसलेलं तेल, एक मोठा चमचा लिंबाचा रस किंवा व्हिनेगर, थोडा व्हॅनिला इसेन्स. यातलं काहीही एकत्र करण्याआधी कुकर तापत ठेवा. शिट्टी आणि रबरी रिंग काढायची, पाणी घालायचं नाही, तळाला मिठाचा थर आणि त्यावर स्टँड. जाड बुडाची कढई आणि घट्ट झाकण त्याहून चांगलं, म्हणजे कोरडा तापून कुकर खराब व्हायची भीती नाही. आठ-दहा मिनिटं मध्यम आचेवर तापलं की मगच ओलं-कोरडं एकत्र करा, पीठ दिसेनासं होईपर्यंतच ढवळा आणि लगेच डब्यात ओता. ढवळत बसलात तर मैदा चिवट होतो. ओतायला उशीर केलात तर सोड्याचा वायू बाहेरच उडून जातो. बारीक आचेवर चाळीस-पंचेचाळीस मिनिटं. पहिली तीस मिनिटं झाकण उघडू नका. सुरी घालून कोरडी निघाली की झालं. पूर्ण गार झाल्याशिवाय डब्यातून काढायची घाई नको, बिनअंड्याचा केक गरम असताना तुटतो.

निम्मी कणीक घालायची असेल तर दोन मोठे चमचे पाणी वाढवा. कोको नको, साधा लिंबाच्या वासाचा हवा असेल तर सोडा निम्मा करा आणि एक छोटा चमचा बेकिंग पावडर घाला, कारण कोको सोड्याची चव झाकत होता, ते आता होणार नाही. मोसंबीचा रस घालायचा मोह होईल, जालन्याची मोसंबी आपल्या मराठवाड्यातलीच आहे. घाला, पण त्याच क्षणी काढलेला. मोसंबीचा रस काढून ठेवला की कडवट होतो. आणि मोसंबी तशी गोड, म्हणून लिंबाचा चमचा तरीही लागतोच.

सजावटीला विकतचं क्रीम आणणार असाल तर थांबा. केकच्या सामानाच्या दुकानात ज्याला बिनदुधाचं क्रीम म्हणतात, त्यातल्या बऱ्याच डब्यांवर बारीक अक्षरात सोडियम केसिनेट लिहिलेलं असतं, आणि ते दुधातलंच प्रथिन आहे. हिरवा ठिपका म्हणजे फक्त शाकाहारी, त्यात दूध असू शकतं. वीगन पदार्थांसाठी अन्न सुरक्षा प्राधिकरणानं 2022 मध्ये वेगळे नियम आणले, त्यांचं वेगळं चिन्हही आहे, पण तालुक्याच्या दुकानात ते क्वचितच दिसेल. म्हणून घटकांची यादी वाचा: मिल्क सॉलिड्स, व्हे, केसिनेट, मध. एगलेस लिहिलेल्या विकतच्या केकातही बहुधा दही नाही तर कंडेन्स्ड मिल्क असतं. त्यापेक्षा वरून पिठीसाखर भुरभुरवा आणि भाजलेले शेंगदाणे भरड कुटून लावा. छान दिसतो.

बेकरीतून नानकटाई भाजून आणायची पद्धत तुमच्याकडं अजून असेल, तर मैत्रिणींबरोबर द्यायला तीही करता येईल. तुपाऐवजी डालडा वापरणं सोपं, आणि 2022 पासून त्यातल्या ट्रान्स फॅटवर दोन टक्क्यांची मर्यादाही आहे. मला खोबरेल तेल जास्त आवडतं, खाण्याचं. थंडीत ते आपोआप थिजतं आणि नानकटाई खुसखुशीत होते. मे महिन्यात हेच जमणार नाही, तेव्हा ते पाण्यासारखं पातळ असतं. बेकरीवाल्याला एवढंच सांगा की वरून दुधाचा हात फिरवू नको.

पोरीला परत जाताना काय द्यायचं, हा प्रश्न तुम्ही विचारला नाही, पण तो येणारच आहे. आपली लोणची, गुळांबा, मेथांबा, मोरावळा हे सगळं आधीपासून तिला चालणारंच आहे. डिसेंबरात आवळा स्वस्त असतो, मोरावळा करा. लाल अंबाडीची मांसल बोंडं मिळाली तर त्यांचा जॅम होतो आणि विकतचं पेक्टिन लागत नाही. आतला बियांचा गोळा वेगळा काढायचा, तो पाण्यात उकळून गाळायचा, त्या पाण्यात पाकळ्या शिजवायच्या आणि शिजलेल्या गराच्या वजनाइतकी साखर घालून आटवायचं. थंड बशीवर थेंब टाकून बोट फिरवलं आणि वाट तशीच राहिली की उतरवा. बाटल्या उकळत्या पाण्यात पंधरा मिनिटं ठेवून, निथळून, गरम असतानाच भरा. साखर हा इथं चवीचा प्रश्न नाही, टिकण्याचा आहे. कमी घातलीत तर तो जॅम फ्रीजमध्येच ठेवायचा आणि दोन-तीन आठवड्यांत संपवायचा. सीताफळाचा गर ठेवला असेल तर तो मात्र शिजवू नका, तापला की कडवट होतो. गार शेंगदाण्याच्या दुधात तसाच कालवून द्या. त्याच्या बिया मिक्सरमध्ये जाऊ देऊ नका, त्या विषारी असतात. गर हातानंच सोडवा.

तब्येतीची काळजी रास्त आहे, पण तुम्ही ती तुपावर टाकलीत, तिथं ती नाही. वरण, शेंगदाणे, सोयाबीन, ज्वारी यांतून प्रथिनं मिळतात. तीळ, नाचणी, राजगिरा यांतून कॅल्शियम मिळतं. न मिळणारी गोष्ट आहे बी12 जीवनसत्त्व. ते कुठल्याच भाजी-धान्यातून भरवशानं मिळत नाही. शरीरात त्याचा साठा बराच काळ पुरतो, त्यामुळं सुरुवातीला काहीच जाणवत नाही, आणि मग थकवा, हातापायाला मुंग्या असं हळूहळू सुरू होतं. म्हणून ती आली की डॉक्टरांकडं न्या, रक्त तपासा, आणि त्यांनी सांगितलेली गोळी ती नियमानं घेते का, ते विचारत जा. यात ढिलाई केली तर मात्र तिच्यावर रागवायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. जाताच आहात तर स्वतःचीही तपासणी करून घ्या. दूध पिणाऱ्या शाकाहारी माणसांतही बी12 कमी निघणं आपल्याकडं फार आढळतं.

राहिलं केकबद्दल पाहुण्यांना सांगणं. आधी चव घेऊ द्यावी, मग गंमत म्हणून सांगावं, असं तुम्हाला वाटतंय. मी कापण्याआधीच सांगेन, दोन वाक्यांत: यात अंडं-दूध नाही, आणि वर शेंगदाणे आहेत. शेंगदाण्याची ॲलर्जी असणारं एखादं मूल जमलेल्यांत असू शकतं, आणि त्याच्या आईला ते घास घेण्याआधी कळायला हवं. शक्य असेल तर शेंगदाणे केकच्या अर्ध्याच भागावर लावा, आणि त्या मुलासाठी एक तुकडा शेंगदाणे लावण्याआधीच वेगळ्या सुरीनं कापून झाकून ठेवा.